आमची वाटचाल: किलार्नीतलं बी अँड बी आणि पाहुण्यांना आम्ही काय सांगतो

आमचं छोटं बी अँड बी (म्हणजे राहायला खोली आणि सकाळचा नाश्ता) आयर्लंडच्या केरी काउंटीत किलार्नीला आहे, मक्रॉस रोडवर. मोजक्या खोल्या, मागे छोटी बाग, आणि गेटबाहेर पडून उजवीकडे गेलं की गाव, डावीकडे गेलं की नॅशनल पार्क. दोन्ही चालत. बरेच जण विचारतात की चिपळूणची माणसं इथे हा धंदा कसा काय करायला लागली, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

आधी गावाबद्दल. किलार्नी पाहुण्यांवरच जगतं आणि ते आजचं नाही. १७५० च्या दशकात इथल्या लॉर्ड केनमेअरने रस्ते, बोटी, खानावळी असं सगळं प्रवाशांसाठी उभं करायला सुरुवात केली, १८५३ ला रेल्वे आली, पुढच्याच वर्षी स्टेशनला लागून रेल्वेचं मोठं हॉटेल उघडलं (ते ग्रेट सदर्न नावाने आजही चालू आहे), आणि १८६१ ला व्हिक्टोरिया राणी इथल्या मक्रॉस हाउस या वाड्यात राहून गेली. त्यामुळे इथे पाहुणा सांभाळणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे आणि आम्ही ती इथल्याच लोकांकडून शिकलो.

माझा नवरा शेफच्या वर्क परमिटवर इथल्या एका हॉटेलच्या किचनमधे आला, मी नंतर येऊन हाउसकीपिंगला लागले. आम्ही ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो त्या आजींचं हे बी अँड बी. वय झालं, मुलं डब्लिनला, तेव्हा त्यांनी आम्हालाच विचारलं की लीजवर चालवाल का. आम्ही हो म्हणालो. घराबरोबर त्यांनी एक वही दिली, त्यात त्या रोज लिहायच्या की कुठला पाहुणा रात्री कुठे जेवला आणि सकाळी नाश्त्याला काय म्हणाला. ती वही आम्ही आजही चालवतो, आता आमच्या अक्षरात, आणि मला विचाराल तर आमच्या धंद्याचं खरं भांडवल तीच आहे, कारण पाहुणा आम्हाला रूमपेक्षा जास्त वेळा हेच विचारतो की आज कुठे जेवू.

सुरुवातीला एका जेवणाच्या जागेने सांगितलं की पाहुणे आमच्याकडे पाठवा, माणशी कमिशन देतो. आम्ही नाही म्हणालो आणि आजपर्यंत कोणाकडून एक युरो घेतलेला नाही. पैसे घेतले की वहीत खरं लिहिता येत नाही, सरळ आहे.

आता वहीतलं थोडं सांगते. मासे खायचे तर हाय स्ट्रीटवर क्विनलन्स, त्यांच्या स्वतःच्या बोटी आहेत त्यामुळे मासा ताजा असतो, कोकणातला माणूस तिथून खूश होऊनच येतो, फक्त मसाल्याची अपेक्षा ठेवू नका, लिंबू आणि मीठ एवढंच. तिथेच पुढे ब्रिकीन आहे, तिथे बॉक्स्टी मिळते, बटाट्याचं जाडसर धिरडं आणि आत सारण. मेन स्ट्रीटवर मर्फीजचं आइस्क्रीम, २००० साली डिंगलला सुरू झालेलं, केरी जातीच्या गाईंचं दूध वापरतात, डिंगल सी सॉल्टचा फ्लेवर एकदा तरी घ्याच. अंडं चालत नसेल तर काउंटरवर विचारून सॉर्बे (फळांच्या रसाचा बर्फाळ प्रकार) घ्या.

शाकाहारी मंडळींना माझं कळकळीचं सांगणं, सूप घेताना स्टॉक कशाचा आहे ते विचारा, भाज्यांचं सूपसुद्धा बऱ्याचदा चिकन स्टॉकमधे असतं. चिप्स कधी कधी मासे तळलेल्याच तेलात तळतात. विचारलं तर कोणी वाईट मानत नाही. आयरिश ब्रेकफास्टमधे ब्लॅक पुडिंग असतं, त्यात डुकराचं रक्त असतं, व्हाइट पुडिंगमधे रक्त नसलं तरी डुकराचं मांस असतंच. आमच्याकडे या सगळ्याबरोबर पोहे आणि उपमापण असतो, आणि गंमत म्हणजे पोहे सगळ्यात जास्त जर्मन पाहुणे मागून घेतात. ब्राउन सोडा ब्रेड मात्र आजींच्याच पद्धतीचा, ताकात भिजवलेला, रोज पहाटे ताजा.

आणि जेवायची वेळ! जूनमधे इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, माणसं तळ्याकाठी रमतात, आणि नऊनंतर बहुतेक किचन बंद व्हायला लागतात. साडेसात-आठला जेवून घ्या, मग बाहेर पडा.

मग पब. आपल्याकडच्या बऱ्याच कुटुंबांना वाटतं पब म्हणजे फक्त दारू, आपलं काय काम, पण तसं नाहीये. प्लंकेट स्ट्रीटवर कोर्टनीज, मेन स्ट्रीटवर किलार्नी ग्रँड, इथे फिडल (व्हायोलिन), बासरी, बोधरान (डफासारखं आयरिश वाद्य) वाजतं आणि नुसता चहा किंवा झिरो अल्कोहोल गिनेस बिअर घेऊन बसलं तरी चालतं. टेबलावर बसून वाट बघू नका, बारवर जाऊन ऑर्डर द्यायची. ग्रुपमधे गेलात तर एकेकाने आळीपाळीने सगळ्यांची पेयं घ्यायची (राउंड) ही इथली रीत, ती पाळली की लोक लगेच आपलंसं करतात. मुलं रात्री नऊपर्यंत थांबू शकतात, मे ते सप्टेंबर दहापर्यंत, हा कायदाच आहे.

राहायचं कुठे तर गाडी नसेल तर गावात किंवा मक्रॉस रोडला, रेल्वे स्टेशन आणि बस स्टँड शेजारी शेजारी आहेत. आघाडोकडून तळ्याचं दृश्य अप्रतिम आहे, फोसा बाजूला मोठी हॉटेलं आहेत, पण तिकडे गाडी लागते. कमी बजेटवाल्या मुलांना आम्ही स्वतः हॉस्टेल सुचवतो. मेच्या सुरुवातीला रॅली ऑफ द लेक्स ही मोटारींची शर्यत आणि जुलैच्या पहिल्या शनिवारी रिंग ऑफ केरी या गोल फिरून येणाऱ्या रस्त्यावर चॅरिटी सायकल राइड असते, त्या दिवसांत आयत्या वेळी खोली मिळेल असं धरून चालू नका.

आमचा सगळ्यात कठीण काळ कोविडचा. मार्च २०२० मधे सगळं बंद, मधे थोडं उघडलं, परत बंद, शेवटी २ जून २०२१ ला राहायच्या जागा नीट उघडल्या. त्या काळात नवऱ्याने रीतसर नोंदणी करून शुक्रवारी डबे द्यायला सुरुवात केली, डाळ, भात, चिकन रस्सा, आणि आळीतली सगळी घरं घ्यायला लागली. आजींनी भाडं पुढे ढकललं. तेव्हा कळलं की आपण या गावचे झालोय.

त्यानंतर गावानेच एक चांगलं काम केलं, २०२३ पासून इथल्या कॅफेंनी फेकून द्यायचे कॉफी कप बंद केले, आयर्लंडमधलं असं पहिलं गाव. स्वतःचा कप आणा नाहीतर दोन युरो डिपॉझिट भरून कप घ्या आणि परत द्या. आम्ही प्रत्येक खोलीत कप ठेवलेत, पाहुणे ते घेऊनच पार्कात जातात.

एक रात्र राहून सकाळी कोचमधे बसून रिंग ऑफ केरीची १७९ किलोमीटरची चक्कर मारून निघून जाणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, निदान दोन रात्री राहा. एक दिवस गॅप ऑफ डनलो या खिंडीतून चालत किंवा घोडागाडीने जा आणि बोटीने तळ्यांमधून रॉस कॅसलला परत या. १९३२ मधे मक्रॉसची सगळी इस्टेट एका कुटुंबाने देशाला दिली, त्यातून आयर्लंडचं पहिलं नॅशनल पार्क झालं, आणि तिथली लाल हरणं बघायला तिकीट लागत नाही.

यंदापासून आम्ही ऑक्टोबरनंतरही वीकेंडला उघडे राहणार आहोत, कारण नर हरणांच्या डरकाळ्या शरद ऋतूतच ऐकू येतात आणि तेव्हा गावात गर्दी नसते. जेवणाची वही नाश्त्याच्या टेबलावरच ठेवलेली असते, त्यात आता मराठी पानंही बरीच झालीत, आलात की चाळा आणि तुमचंही लिहा.