आमची वाटचाल : शटरवरच्या ‘ळ’पासून

सांगलीत मारुती चौकाजवळ आमचं डिझाइनचं दुकान आहे म्हटलं की बाहेरगावचं गिऱ्हाईक डिझाइनच्या आधी पुराचं विचारतं. म्हणून आमची वाटचाल २००८ पासूनची असली, तरी खरं सांगायचं ते २०१९च्या ऑगस्टपासूनच.

सुरुवात मी आणि माझी मैत्रीण, दोघींनी केली. एक असेंबल केलेला पीसी, एक स्कॅनर आणि कॉम्प्युटरवर पेननं चित्र काढायचा पेन टॅब, वॅकॉमचा छोटा ‘बांबू’. तो टॅब पुण्याहून एसटीनं मांडीवर घेऊन आणला होता. ती कोरलड्रॉ सांभाळायची, मी फोटोशॉप. बेदाण्याचे बॉक्स, हळदीची पाकिटं, मंडळांचे फ्लेक्स, लग्नपत्रिका. २०११ला तिच्या नवऱ्याची बदली झाली. जाताना तिनं वाटा मागितला नाही, पेनमधली एका बाजूनं झिजलेली निब तेवढी काढून घेतली. माझ्यासारखी पार्टनर परत कुणाला मिळो न मिळो, तिच्यासारखी मला मिळाली नाही. पुढची सात-आठ वर्षं काम व्यवस्थित चाललं.

दुकानाच्या भिंतीवर २००५च्या पुराची खूण होती. तिच्या वर दोन फुटांवर फळी मारून मी सगळी मशीनं ठेवली होती आणि निर्धास्त होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट; २०१९ला पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. फळी, तिच्यावरचं कपाट, कपाटातले डबे, सगळं पाण्याखाली. बॅकअप होता. पण तो वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क त्याच कपाटात. आठ-दहा दिवसांनी शटर उघडलं तेव्हा कीबोर्डच्या बटणांमध्ये मळी वाळून बसली होती. दोन्ही डिस्क दुरुस्तीला पाठवल्या, पैसे भरले, हाती काही आलं नाही. अकरा वर्षांच्या ओपन फाइल, म्हणजे ज्यात परत बदल करता येतो त्या मूळ फाइल, गेल्या.

आता जे लिहिणार आहे ते इतकी वर्षं बोलले नाही, पण मनातून गेलेलं नाही. पुराच्या दोन वर्षं आधी आमच्याकडचा एक मुलगा काम सोडून गेला होता. तीन वर्षं शिकला. पेन कसा धरायचा इथपासून मी शिकवलं. जाताना आमच्या सगळ्या ओपन फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन गेला, हे मला नंतर कळलं. त्यानं जवळच दुकान टाकलं. तिथवर ठीक होतं. पण पूर आला, माझ्या डिस्क गेल्या, आणि माझ्याच कामाची शिल्लक राहिलेली एकमेव प्रत त्याच्याकडे उरली. मी अजून चिखल उपसत होते, आणि आमच्या गिऱ्हाइकांना फोन जात होते, “त्यांचं सगळं गेलं, तुमची जुनी फाइल आमच्याकडं हाय, तीनशे रुपयांत बदल करून देतो.” गिऱ्हाइकांना दोष देत नाही, सणाचे दिवस तोंडावर होते. पण माझ्या हातची वेलबुट्टी दुसऱ्याच्या बिलावर बाजारात फिरताना बघणं काय असतं, ते ज्याचं त्याला कळतं. मी त्याच्याकडे एकदा फाइल मागायला गेले होते. त्यानं चहा दिला, फाइल दिल्या नाहीत.

एक माणूस हलला नाही. मार्केट यार्डातले आमचे हळदवाले अण्णा. त्यांनाही फोन गेला होता. त्यांनी सांगितलं, “फाइल तुझ्याकडं असंल. काढलीया कुणी ते मला ठाऊक हाय.” मला येऊन म्हणाले, “ताई, जुनं पाकीट नकोच आता. नवं काढा. घाई न्हाई.” अण्णांची पारख अशी की प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, दाखवलं की खिशातून कागदाची पुडी काढतात, चिमूटभर राजापुरी हळद प्रूफशेजारी टाकतात आणि बघत बसतात. “ही राजापुरी न्हाई झाली.” मग मी मॅजेंटा, म्हणजे छपाईची गुलाबी शाई, पाच टक्क्यांनी वाढवते, परत प्रूफ. स्क्रीनवरचा पिवळा हा प्रकाशाचा पिवळा असतो, शाईचा तसा येत नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

नवं काढा म्हणाले, आणि मला नवं येईना. उसना लॅपटॉप घेऊन बसले. कोयरी, वेल, तीच कमान, तोच उगवता सूर्य. नऊ प्रूफं केली, नऊही जुन्या पाकिटाची भावंडं. तेव्हा लक्षात आलं, फाइल बुडाल्या तरी माझ्या हातात त्याच होत्या. कित्येक वर्षं मी स्वतःच्याच फोल्डरमधून उचलत आले होते.

शटर गंजलं होतं. दुकानाचं नाव परत लिहायचं तर नेहमीच्या फ्लेक्सवाल्याचं मशीनही पाण्यात गेलेलं. म्हणून कुणीतरी खणभागातल्या एका जुन्या पेंटरकाकांना पाठवलं. सत्तरीचे. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम गेलं होतं, आणि ते घालवणाऱ्यांत मीही होते. त्यांनी खडूची दोरी मारली, हात टेकवायची काठी शटरला लावली आणि इनॅमलमध्ये बुडवलेला फ्लॅट ब्रश घेऊन अक्षर काढायला लागले. आमच्या नावात एक ‘ळ’ आहे. त्या ‘ळ’च्या दुसऱ्या वळणावर त्यांनी ब्रश दोन बोटांत असा फिरवला की जाड रेघ केसाएवढी झाली आणि परत जाड झाली, ब्रश न उचलता. मी म्हटलं, काका, परत काढा. ते म्हणाले, “ब्रश ओढायचा न्हाई पोरी, फिरवायचा.”

त्या दिवशी मी लॅपटॉपवर तोच ‘ळ’ काढून बघितला. जमेना. कारण पेन टॅबवाल्यांना माहीत आहे: आपला नेहमीचा पेन दाब ओळखतो, चांगला असेल तर कलही ओळखतो, पण बोटांत स्वतःभोवती फिरवला तर त्याला कळत नाही. काकांची सगळी कला त्या फिरवण्यातच होती. मग उलट वाटेनं गेलो. काकांनी आयव्हरी कागदावर काळ्या पोस्टर कलरनं अक्षरं काढली, नुसते फराटेही काढले, रंग संपत आलेले, केस फाकलेले. ते ६०० डीपीआयला स्कॅन केले, त्यातून कॉम्प्युटरवरचे ब्रश बनवले. ‘हळद’ हा शब्द त्यांनी चाळीसेक वेळा लिहिला. अण्णांनी त्यातला सत्ताविसावा उचलला. तोच आज पाकिटावर आहे. काकांना त्या अक्षराचे वेगळे पैसे दिले, आणि पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात त्यांचं नाव टाकलं. अण्णांनी हरकत घेतली नाही.

काकांनीच मला मिरजेला नेलं. त्यांचे एक दोस्त सतारी बनवतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, तेव्हा लोकांना त्या गल्लीची आठवण झाली. आम्ही त्याच्या चार वर्षं आधी, फेब्रुवारीत गेलो. भोपळा आणि दांडी जिथं जुळते तिथं, गुलूवर, ते लाकडाची पानं कोरून बसवतात. पान सपाट नसतं, भोपळ्याच्या गोलाईवर पसरलेलं असतं. मी आजवर वेल काढली ती सपाट कागदावरची. पाऊच तर भरल्यावर फुगतो! ती पानं बघून पहिल्यांदा मी भरलेल्या पाकिटावर वेल काढली, रिकाम्यावर नाही.

महिन्याभरात लॉकडाऊन लागला आणि त्यातून आमची फिरती फाइल सुरू झाली. मी, पेंटरकाका (त्यांचा नातू मोबाइलवर फोटो काढायचा), मिरजेचे कारागीर आणि ॲनिमेशन शिकणारी एक मुलगी. एक फाइल, प्रत्येकानं एक लेयर, म्हणजे चित्रावर आपला एक थर, घालायचा आणि पुढं द्यायची. दुसऱ्याचा लेयर पुसायचा नाही, हा एकच नियम. पहिल्या फेरीत त्या मुलीनं माझ्या आवडत्या कमानीवर सरळ पाणी काढलं. दोन दिवस मी रागात होते. तिसऱ्या दिवशी त्या पाण्यातलं कमानीचं प्रतिबिंब मी काढलं, आणि ते माझं गेल्या दहा वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम आहे. एकटीला ते सुचलं नसतं. मला पाणी काढायचंच नव्हतं.

नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांना दोन-चार गोष्टी सांगते. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर रेघा फुटतात. बरोबर काम करणारा तुमच्याच सॉफ्टवेअरमधला नसला तर जास्त चांगलं. पैशाचं आणि नावाचं सुरुवातीलाच कागदावर लिहा, जवळचा माणूस असला तर आधी लिहा. महागडा टॅब नसला तरी अडत नाही, क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आमची ती मुलगी त्यावरच काम करते. आणि बॅकअप दुकानात ठेवू नका. माझा आता विश्रामबागेत बहिणीकडे दुसऱ्या मजल्यावर आहे. २०२१च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा मी फक्त टॅब आणि काकांचे कागद उचलले आणि घरी गेले.

तो मुलगा अजून जवळच आहे. मागच्या वर्षी त्यानं आमचा ‘हळद’ जसाच्या तसा उचलून दुसऱ्या पाकिटावर लावला. मी भांडायला निघाले होते. काकांनी ते पाकीट हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “ह्यो माझाच हाय. पण त्यानं ‘ळ’ ताणलाय.” खरंच, जागेत बसवायला अक्षर आडवं खेचलं होतं आणि ती केसाएवढी रेघ जाड झाली होती. काकांना त्याचंच जास्त लागलं.

काकांचा हात आता थोडा कापतो. शटर परत रंगवायचं झालंय, त्यांना शिडीवर चढू द्यायचं नाही असं नातवानं बजावलंय, त्यामुळे ते खाली खुर्चीवर बसून सांगणार आणि वर ती ॲनिमेशनवाली मुलगी ब्रश धरणार. आठवडाभर ती कागदावर ‘ळ’ गिरवतेय. अण्णांचं नवं पाकीट दिवाळीच्या आधी द्यायचंय. त्यांनी काल पुडी पाठवली, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली. या वर्षीची हळद जरा गडद आहे.