सायकलचं टायर कुणीच घेत नाही तेव्हा

चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दातेरी चक्र), वाकडी रिम, स्पोक हे सगळं भंगारवाल्याने दहा मिनिटांत तोलून नेलं. अडलं ते टायरपाशी. दोन २६ इंची टायर आणि तीन ट्यूब त्याने गोणीतून काढून बाजूला ठेवल्या. आमच्या भागातल्या आरोग्य कोठीवर, म्हणजे पालिकेच्या सफाई चौकीवर, उत्तर मिळालं, "सुक्या कचऱ्यात द्या." सुका कचरा नेणाऱ्या ताई म्हणाल्या, "पुढे कुणी घेत नाही हो." या दोन उत्तरांच्या मध्ये टायर महिनाभर गच्चीत पडून राहिले. माझा राग कोठीवर आहे, ताईंवर नाही. कचरा वेगळा करायची सक्ती करणाऱ्यांनी तो पुढे कुठे जातो हेही सांगायला हवं.

टायर नाकारला जातो कारण त्यात तीन वस्तू एकमेकींना चिकटलेल्या असतात: रबर, आतलं नायलॉनचं कापड आणि दोन्ही कडांमधली पोलादी तार. शिवाय सायकलचा टायर हलका. सुटे दोन टायर न्यायला कुणाला परवडत नाही.

म्हणून आधी तार सोडवा. कात्री लावू नका, तारेवर धार जाते. जाड कटरचं पातं साबणाच्या पाण्यात बुडवून कडेच्या आतल्या बाजूने, तारेपासून अर्धा सेंटिमीटर सोडून गोल फिरवा. ओलं पातं रबरात अडकत नाही. टायर पायाखाली दाबून धरा आणि कापताना हात अंगापासून दूर न्या. तारेची अख्खी कडी सुटते, ती लोखंडात जाते. घडी होणारा टायर असेल तर कडेत पोलाद नसतं. चुंबक लावून बघा, चिकटला नाही तर कापायचे कष्ट वाचले.

उरलेली पट्टी सुमारे दोन मीटर भरते. ती मी चारचाकीचे टायर बदलणाऱ्या दुकानात दिली. तिथे जुन्या टायरांचा ढीग साठतो आणि तो उचलायला गाडी येते, त्यात आपली पट्टीही जाते. आधी विचारून मगच न्या. दुकानाबाहेर गुपचूप टाकून आलात तर थंडीत शेकोटीत किंवा होळीत जाईल, आणि तो काळा धूर गल्लीभर पसरेल.

थांबावं लागलं तर अख्खा टायर उघड्यावर ठेवू नका. खुंटीला टांगला तरी खालच्या वळणात पावसाचं पाणी साठतं आणि डास होतात. निदान एका ठिकाणी आरपार कापून सरळ करा.

ट्यूब सोप्या. पंक्चरवाले जुन्या ट्यूबचीच ठिगळं कापतात, त्यामुळे फार विरलेली नसेल तर ते आनंदाने घेतात. दीड-दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापल्या तर स्पोकच्या टोकांवर घालायची रिमपट्टी होते, कॅरिअरवर सामान बांधायलाही चालतात. वॉल्व्हची पितळी नळी कापून पितळात टाका.

लोखंडाबद्दल एकच: ॲल्युमिनियमची रिम, क्रँक (पॅडलचा दांडा), हब (चाकाचा मधला भाग) त्यात मिसळू देऊ नका. ॲल्युमिनियमला भाव कितीतरी जास्त मिळतो. चुंबक इथेही कामी येतो, फक्त स्टेनलेसचे स्पोक त्याला जेमतेमच चिकटतात.

तडा गेलेला हँडल, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) किंवा क्रँक तसाच देऊ नका. हॅकसॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने, दोन तुकडे करा. रंग मारून तो जुन्या बाजारात पुन्हा विकला जाऊ शकतो, आणि उतारावर तुटला तर बसणाऱ्याचा जीव जाईल.

चार्जिंगच्या दिव्यातला लिथियम सेल भंगारात कधीच नको, चेपला तर पेटतो. टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात द्या.

चेन धुतलेलं रॉकेल गटारात ओतू नका. बाटलीत दोन दिवस ठेवा, गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं.