गोवा निमित्त, मुक्काम जहाजावर

गोव्याला पोचायची घाई असेल तर क्रूझ घेऊच नये. मुंबई ते मुरगाव हे अंतर साधारण सव्वादोनशे सागरी मैल. १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने जहाजाला त्याला पंधरा तास लागतात. इंजिनात याहून जोर असतो, पण तो मुद्दाम वापरत नाहीत. वेग दुप्पट करायचा तर ताकद जवळजवळ आठपट लागते, आणि तेवढं तेल जाळून रात्री दोनला बंदरात पोचून करायचं काय? लोक पैसे मोजतात ते जहाजावर राहण्याचे.

म्हणून 'गोव्यात फिरायला किती तास मिळतील' यापेक्षा 'पूर्ण दिवस समुद्रात किती' हे आधी विचारा. दोन रात्रींच्या फेरीत पहिला दिवस चढण्यात आणि शेवटचा उतरण्यात जातो. समुद्रातला निदान एक अख्खा दिवस असलेली, तीन-चार रात्रींची फेरी बरी. क्रूझची खरी मजा त्या दिवशी कळते. बॅग एकदाच उघडायची, गाडीवाल्याची वाट पाहायची नाही, जेवायला कुठे जायचं यावर घरात वाद नाही. आजोबा डेकवर खुर्ची टाकून बसतात, नातवंडं पोहायच्या तलावात, आणि लिफ्टने दोन मिनिटांत सगळे एका टेबलावर. तीन पिढ्या एकत्र नेताना दुसऱ्या कुठल्याही सहलीत ही सोय मिळत नाही.

जहाज निवडताना जाहिरातीतली घसरगुंडी बघण्याआधी एक भागाकार करा. जहाजाचं 'ग्रॉस टनेज' म्हणजे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप. त्याला दोन माणसं एका केबिनमध्ये धरून होणाऱ्या प्रवासीसंख्येने भागा. उत्तर मोठं, तेवढी माणशी जागा जास्त. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीची 'एम्प्रेस' १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली: ४८,५६३ टन, ७९६ केबिन, म्हणजे उत्तर येतं तीसच्या आसपास. सिंगापूरहून सुटणारी 'गेंटिंग ड्रीम' सुमारे दीड लाख टनांची, १,६७४ केबिनची. तिथे उत्तर पंचेचाळीसच्या घरात. हा फरक बुफेच्या रांगेत आणि तलावाकाठच्या खुर्चीत कळतो. शाळांच्या सुट्टीत एका केबिनमध्ये तिघं-चौघं असतात, तेव्हा गर्दी या आकड्यापेक्षाही जास्त. अर्थात एम्प्रेसवर मुंबईतल्या बॅलार्ड पिअरवरून चढता येतं, पासपोर्ट-विमान काही नको. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे कमी नाही.

केबिनच्या बाबतीत लोक खिडकी की बाल्कनी यावर अडतात आणि केबिन जहाजात नेमकी कुठे आहे ते बघतच नाहीत. जहाज दोन तऱ्हांनी हलतं. डावी-उजवीकडे डोलतं, ते आवरायला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात. पण नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर-खाली होते, सीसॉसारखी, त्याला पंखांचा फारसा उपयोग नाही. सीसॉच्या मधोमध बसलेल्याला हलल्यासारखं वाटत नाही, तसंच इथे: जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन सगळ्यात स्थिर. पुढच्या टोकाची वरची बाल्कनी महाग असते आणि पोट तिथेच आधी ढवळतं. डेकचा नकाशा उघडून वर-खाली काय आहे तेही बघा. डोक्यावर तलावाचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. पायाखाली थिएटर असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. शेजारच्या केबिनला जोडणारं दार असलेल्या खोल्यांत पलीकडचं घोरणंसुद्धा ऐकू येतं. 'केबिन नंबर नंतर कळवू' म्हणून स्वस्तात विकतात, त्यात बहुतेक वेळा अशाच उरलेल्या खोल्या येतात.

बोट लागणाऱ्यांनी गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. पोट थांबलेलं असतं, गोळी आत टिकत नाही. अव्होमिनसारखी गोळी जहाज सुटण्याआधी तास-दोन तास घ्यायची. तिने झोप येते, सोबत दारू नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. सौम्य मळमळीला आलेपाक खरोखर चालतो. रिकाम्या पोटी राहू नका, केबिनमध्ये मोबाइल बघत पडू नका; उघड्या डेकवर मध्यावर उभं राहून क्षितिजाकडे पाहा. आणि अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर क्रूझचं नाव काढू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हेच पाणी बहुतेक वेळा तळ्यासारखं असतं.

तिकिटाची रक्कम म्हणजे अर्धाच हिशेब. बंदर शुल्क, कर, आणि माणशी रोजची सेवा-आकारणी वेगळी असते, ती बऱ्याचदा मुलांनाही लागते. दारूचं पॅकेज एकाने घेतलं तर केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं, असा नियम बऱ्याच जहाजांवर आहे. एकटा पिणारा असेल तर सुटे पेग स्वस्त पडतात. किनारा नजरेआड होण्याआधी मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. पुढे फोन जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो आणि नेहमीचं रोमिंग पॅक तिथे सहसा चालत नाही.

चढताना मोठ्या बॅगा खाली द्यायच्या, त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात. तोवर लागणारी औषधं, पोहण्याचे कपडे, कागदपत्रं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. इस्त्री, चहाची किटली, पाणी तापवायचा रॉड आणू नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. बुफेतला टी-बॅगचा चहा कोमट असतो हे मान्य, पण त्याला इलाज नाही. जैन किंवा बिनकांद्याचं जेवण हवं असेल तर बुकिंगला सांगाच, शिवाय पहिल्या रात्री वाढप्याला पुन्हा सांगा.

पहिल्याच दिवशी सात छोटे आणि एक लांब भोंगा होतो. संकटात कुठे जमायचं, याची ही कवायत टाळू नका. १३ जानेवारी २०१२ ला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीजवळ खडकावर गेली, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो जणांची कवायत झालेलीच नव्हती. आता ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते.

परदेशी फेरीत दोन चुका नेहमी होतात. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतताना तुम्ही त्या देशात दुसऱ्यांदा शिरता, त्यामुळे व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, ते आधी तपासा. दुसरी चूक घड्याळाची. थायलंडमधलं फुकेत सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाज सिंगापूरच्या वेळेवर चालत असेल आणि फोन आपोआप फुकेतची वेळ दाखवू लागला, तर तुमच्या चारला जहाजावर पाच वाजलेले असतात. जहाजाने नेलेली सहल उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी थांबत नाही, पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. बंदराच्या दिवशी न उतरणं हाही चांगला बेत आहे. त्या दुपारी तलाव जवळजवळ रिकामा मिळतो.

शेवटच्या रात्री बॅगा चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात, आणि त्या पहाटेआधीच खाली जातात. सकाळचे कपडे आणि चपला आधी बाजूला काढा. दर फेरीला कोणीतरी सगळं भरून बसतो आणि पायजम्यावर उतरतो.