वंशावळीत नसलेली पणजी

आमच्या घरच्या वंशावळीत सात पिढ्या आहेत आणि एकाही बाईचं नाव नाही. आजोबांची आई ते लहान असतानाच 'प्लेगात गेली', एवढंच कानावर होतं. त्यांना आत्याने वाढवलं. पुढे माणदेशातलं गाव सोडून ते मुंबईला गिरणीत लागले आणि तिच्याबद्दल विचारावं असं गावात कुणी उरलं नाही.

पूर्वज शोधायचे म्हटलं की लोक आधी सातबारा आणि जुने फेरफार काढतात. मीही काढले. पण जमिनीच्या कागदात बाई येते ती बहुधा नवरा गेल्यावर, वारस म्हणून. आमची पणजी नवऱ्याच्या आधी गेली, म्हणजे तिथे ती असणारच नव्हती. तिच्यासाठी गाव नमुना 14 बघायला हवा होता. गावातल्या जन्म-मृत्यूची ही वही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून या वह्यांना पुन्हा हात लागला. पानं बरीचशी मोडी लिपीत. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं लिहीत गेलेली, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पुराभिलेख विभागाचा मोडीचा वर्ग केला होता म्हणून निभावलं. तरी आडनावं लावताना घाम फुटतो.

1918 सालच्या पानांवर मी थांबले. एरवी महिन्याला दोन-चार मृत्यू. ऑक्टोबरात पानंच्या पानं भरलेली, आणि कारणाच्या रकान्यात खालपर्यंत एकच शब्द: ताप. ही मानमोडीची साथ, म्हणजे इन्फ्लुएंझा. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, माणसं आधीच अर्धपोटी होती. 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, हे मी शाळेत पाठ केलं होतं. ते आकडे आमच्या गावात कसे दिसत होते, ते त्या पानावर कळलं.

त्यातच पणजी सापडली. पणजोबांचं नाव, पुढे 'बायको', वय पंचवीस, ताप. चार ओळी खाली पुन्हा पणजोबांचं नाव, पुढे 'मुलगी', वय तीन महिने, ताप. आजोबांना धाकटी बहीण होती हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. बहुधा त्यांनाही आठवत नसावं. शाळेच्या रजिस्टरप्रमाणे ते तेव्हा चार वर्षांचे होते. मी तिथेच रडले. अभिलेख कक्षातल्या ताईंनी काही न विचारता पाणी आणून दिलं.

वंशावळीत मी दोघींना जागा केली आहे. नाव मात्र अजून मिळायचंय. आता नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे तीर्थावर येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांकडे, जायचं आहे. त्यांच्या वह्या आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की उघडतात. श्राद्धात आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात, म्हणून या वह्यांत बायकांची नावं मिळण्याची शक्यता असते. पणजोबा किंवा त्यांचे भाऊ 1918 नंतर कधी गोदावरीवर गेले असतील, तर तिचं नाव तिथे असेल.

तुमच्याही घरात कुणी 'साथीत गेली' असेल, तर नमुना 14 जरूर मागा. 1918 चा ऑक्टोबर आधी बघा.