विक्रमशिला : ताडपत्रांचा गारवा आणि अतीशांची वाट

बिहारमधल्या विक्रमशिला या प्राचीन बौद्ध विद्यापीठाचे अवशेष पाहायला जायचं तर शुक्रवार टाळा. तिथलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आणि ते चुकलं तर निम्मी विक्रमशिला हुकली. आम्ही लोकमान्य टिळक टर्मिनसहून भागलपूरची थेट गाडी धरली, रात्री भागलपुरात राहिलो आणि सकाळी रेल्वेने कहलगाव गाठलं. तिथून अंतीचक, म्हणजे अवशेष आहेत ते गाव, साधारण १३ किलोमीटर. ऑटो जाऊन-येऊन ठरवा. पाणी, डबा, टोपी जवळ हवीच.

पालराजा धर्मपालाने उभारलेल्या या विहारात मधोमध विटांचा स्तूप आणि भोवती चारी बाजूंना मिळून २०८ खोल्या आहेत. बहुतेक लोक स्तूपाला फेरी मारून परततात. तसं करू नका. नैऋत्येला अरुंद बोळाने विहाराला जोडलेली एक लांबट इमारत आहे, तिथे जा. तिच्या मागच्या भिंतीत ओळीने झरोके आहेत. उत्खननकर्त्यांच्या मते हे ग्रंथालय असावं, आणि शेजारच्या जलाशयाचं गार पाणी या झरोक्यांतून खेळवत असावेत. ताडपत्र फार वाळलं की तडकतं, ओल लागली की कीड धरतं. मार्चच्या उन्हात त्या भिंतीला हात लावला आणि पोथ्यांची इतकी काळजी करणाऱ्या माणसांबद्दल मन भरून आलं.

इथे नकललेली ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ या महायान बौद्ध ग्रंथाची एक सचित्र ताडपत्री पोथी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पालवंशातल्या गोपाल राजाच्या १५व्या राज्यवर्षातली. निघण्याआधी तिची चित्रं जरूर पाहा. मग त्या उघड्या विटा निराळ्या दिसतात.

अतीश दीपंकर इथलेच आचार्य. १०४० मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, ते तिबेटला निघाले. विहाराचे ज्येष्ठ भिक्षू, स्थविर रत्नाकरांनी त्यांना तीनच वर्षांची मुभा दिली होती, असं तिबेटी चरित्रं सांगतात. नेपाळात वर्षभर राहून १०४२ मध्ये ते पश्चिम तिबेटातल्या न्गारीला पोचले, तिथल्या थोलिंग मठात ‘बोधिपथप्रदीप’ हा ग्रंथ लिहिला. परतायला निघाले तेव्हा नेपाळच्या सीमेवर लढाई पेटलेली, वाट बंद. १०५४ मध्ये ल्हासाजवळ न्येथांगला त्यांचं देहावसान झालं.

सूर्यास्ताला आवार बंद होतं, त्याआधी अर्धा तास उत्तरेच्या महाद्वारापाशी बसायला राखून ठेवा. तीन वर्षं सरल्यावर रत्नाकरांनी किती दिवस वाट पाहिली असेल, हाच विचार तिथे माझ्या मनात घोळत राहिला.