आधी चाचणी, मग 'धोकादायक'

१९७० च्या दशकात बांधलेल्या एका कॉलेजच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करायला गेलो होतो. सगळं उघडं काँक्रीट, ना गिलावा ना रंग. संस्थेचं मत आधीच ठरलेलं होतं. "काळी पडलीय, सळया दिसतायत. तुम्ही फक्त 'धोकादायक' लिहून द्या," विश्वस्त म्हणाले.

आतल्या खांबांपासून सुरुवात केली. थोडं काँक्रीट फोडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन फवारलं. निरोगी काँक्रीटवर ते गडद गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड जिथवर मुरला असेल, तिथवर रंगच येत नाही. तो थर सळईपर्यंत पोचला की ती गंजू लागते, गंज फुगतो आणि वरचं कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, फोडतो. इथे वरचा पातळ थर सोडला तर सगळं गुलाबी! काँक्रीटवर ठोकून त्याचा कठीणपणा मोजणाऱ्या हॅमरचे आकडेही चांगले आले.

सळया उघड्या पडल्या होत्या त्या पश्चिमेच्या, ऊन अडवणाऱ्या उभ्या काँक्रीटच्या पडद्यांमध्ये, आणि त्याही फक्त गच्चीच्या फुटक्या पन्हळींखाली. वर्षानुवर्षं तिथंच पाणी ओघळत होतं. कव्हर कमी ठेवलेलं होतं, ही त्या काळच्या बांधकामाची खरी उणीव. बाकीचा काळेपणा धुळीचा आणि शेवाळाचा.

याच पडद्यांमुळे भर दुपारीही व्हरांड्यात ऊन नव्हतं. भिंतीवर शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांच्या रेषा अजून स्पष्ट होत्या, लाकडाच्या गाठींसकट. अशा कामात सुताराची फळी हलली किंवा ओतकाम मध्येच थांबलं, तर ते कायमचं दिसतं. झाकायला गिलावा नसतो. त्या अनामिक सुतारांबद्दल मला फार आदर वाटतो.

"पण ही परदेशी नक्कल ना?" विश्वस्तांनी विचारलं. मी त्यांना वास्तुविशारद अच्युत कानविंदे यांच्याबद्दल सांगितलं. १९१६ साली कोकणातल्या आचऱ्यात जन्मलेल्या या माणसाने आयआयटी कानपूर आणि मेहसाण्याची दूधसागर डेअरी उभी केली. दिल्लीचा हॉल ऑफ नेशन्स हा प्रदर्शनाचा हॉल १९७२ चा, वास्तुविशारद राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांचा. असा त्रिकोणी जाळीचा सांगाडा एरवी पोलादात करतात. पोलाद महाग, मजूर भरपूर, म्हणून तो जागेवरच काँक्रीटमध्ये ओतला. हे उत्तर आपल्या परिस्थितीतूनच आलेलं होतं. साठ वर्षं पूर्ण नाहीत म्हणून त्याला वारशाचा दर्जा मिळाला नाही आणि एप्रिल २०१७ मध्ये तो एका रात्रीत पाडला. त्याचा राग अजून माझ्या मनात आहे.

विश्वस्तांचा पुढचा पर्याय बाहेरून एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमचे सजावटी पत्रे लावण्याचा. त्याला मी स्पष्ट नकार दिला. पत्र्यामागे ओल राहते आणि नवी भेग कुणाला दिसतच नाही.

अहवालात लिहिलं: आधी पन्हळी आणि गच्चीचा उतार. मग सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, गंज घासून, गरज तिथे जोडसळई. नवा मसाला जुन्या रंगाशी जुळतो का, ते आधी नमुना करून बघायचं आणि त्यावर फळ्यांचा ठसा उठवायचा. शेवटी रंगाऐवजी सिलेन हे पाणी रोखणारं पारदर्शक रसायन.

"खर्च?" त्यांनी विचारलं. योग्य प्रश्न होता. मी दुरुस्तीचं अंदाजपत्रक करायला घेतलं आणि पाडून नवं बांधण्याचंही त्यांच्याकडून मागवलं.