आमची वाटचाल : चावीपासून सेल्फपर्यंत

सांगलीत कोल्हापूर रोडला, भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, 1996 साली आम्ही ऑटो इलेक्ट्रिकचे काम सुरू केले. भांडवल म्हणजे एक बॅटरी चार्जर, पान्यांची पेटी आणि वस्तादांनी निरोप देताना हातावर ठेवलेला टेस्ट लॅम्प. जुन्या इंडिकेटरच्या होल्डरमध्ये एकवीस वॉटचा बल्ब आणि त्याला दोन वायरी, टोकांना चिमटे, एवढाच तो ऐवज होता. पहिल्याच वर्षी मी डिजिटल मीटर घेतला आणि दिवा खिळ्याला टांगून ठेवला. गिऱ्हाइकासमोर आकडे दाखवता येऊ लागल्याने आपण वस्तादांच्या पुढे गेलो, असे मला वाटू लागले होते, हे आज कबूल केलेले बरे.

त्या भ्रमाला पहिला धक्का माधवनगरच्या एका शिक्षकांच्या फियाटने दिला. सकाळी सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, जड फिरतो, ही त्यांची तक्रार होती. मी बॅटरी बदलली. आठ दिवसांनी गाडी परत आली. मग सेल्फ उतरवून त्यातले झिजणारे भाग, कार्बन आणि बुश, नवे घातले; पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस मी बॉनेट उघडून उभा होतो आणि गुरुजी आत बसून चावी फिरवत होते, इतक्यात ते एकदम ओरडले, "मिस्त्री, चोकच्या दांड्याला चटका बसतोय!" पाहतो तर चोकच्या केबलवरचे प्लॅस्टिक मऊ होऊन त्यातून धूर निघत होता.

कारण साधे होते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे बॉडीशी त्याचा विद्युत संबंध ठेवण्याचे काम विणलेल्या तांब्याच्या एका पट्टीकडे असते, आणि त्या गाडीत ती पट्टी बोल्टखाली गंजून नावापुरती उरली होती. सेल्फने ओढलेला शंभर-दीडशे अँपिअरचा करंट परत जायला वाट शोधत होता. कार्ब्युरेटरपासून डॅशबोर्डपर्यंत जाणारी चोकची बारीक केबल ही त्याला सापडलेली वाट होती. पट्टी बदलून जागा सँडपेपरने घासली आणि सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला. "दुखणे चार आण्यांचे आणि औषध केवढ्याचे दिलेत?" एवढेच गुरुजी म्हणाले. सेल्फची मजुरी मी परत केली. बॅटरी मात्र त्यांनी ठेवून घेतली.

दुसरा धडा 2005 च्या महापुराने दिला. पाणी ओसरल्यावर गणपती पेठ, गावभाग या भागांतून गाड्या येऊ लागल्या, त्यांतल्या कित्येक धक्का मारतच. गाड्या धुऊन, वाळवून, बॅटऱ्या नव्या घालूनही त्या सुरू होत नव्हत्या. एका गाडीत कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीच्या, टर्मिनलवर माझा मीटर 12.4 व्होल्ट दाखवत होता, तरी प्लगला ठिणगी नव्हती. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारे पॉइंट बदलले. शेवटी वस्तादांना बोलावले. ते आले, खिळ्यावरचा दिवा काढला, एक चिमटा इंजिनला आणि दुसरा कॉइलला लावला. बल्बची तार लालसरसुद्धा झाली नाही. मग त्यांनी चावीकडून येणारी वायर मधोमध ब्लेडने उभी चिरून दाखवली. बाहेरून नवीकोरी दिसणाऱ्या वेष्टनाच्या आत तांबे काळे-हिरवे होऊन भुगा झाले होते, सलग धागा एकही उरला नव्हता.

पुराचे पाणी उघड्या टोकातून तांब्याच्या धाग्यांमधल्या फटीत ओढले जाते आणि वीत-दोन वीत आत जाऊन तिथेच राहते. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, म्हणून त्या ओलसर भुग्यातूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. एकवीस वॉटच्या बल्बला पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट लागतो. तो त्या भुग्याला झेपत नाही आणि वायरचे पितळ उघडे पडते. वायर काम करत असताना तपासायची असते, मोकळी असताना नाही, ही गोष्ट मला वस्तादांनी दहा वर्षांपूर्वी दिव्याच्या रूपाने हातात दिली होती आणि मी ती खिळ्याला टांगली होती.

तेव्हापासून आमच्याकडे आलेल्या गाडीचा कोणताही भाग उघडण्याआधी, सेल्फ फिरत असताना चार ठिकाणी मोजमाप घेऊन वहीत लिहिले जाते. बॅटरीच्या दोन टोकांवर 9.6 व्होल्टच्या खाली आकडा गेला तर आधी बॅटरी पाहायची. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या धातूपर्यंत 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, खराब. पॉझिटिव्हपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत अर्धा व्होल्ट ही आमची मर्यादा. चौथे मोजमाप चावीकडून सोलेनॉइडला (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) येणाऱ्या बारीक वायरचे, कारण जुन्या गाडीत चावीचे कॉन्टॅक्ट झिजलेले असतात आणि इंजिन तापल्यावर सेल्फ न घेण्याची तक्रार बहुधा तिथली निघते. तिथे रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालणारा स्विच, बसवला की चावीवरचा भार उतरतो. एक शतांश ओहम म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण दीडशे अँपिअरला तेवढ्यानेच दीड व्होल्ट वाटेत खाल्ले जातात. आवाजही ऐकावा लागतो. टकटकटक असा सलग आवाज म्हणजे सोलेनॉइड ओढतो आणि व्होल्टेज बसल्यामुळे लगेच सोडतो, म्हणजे दोष बॅटरीत किंवा तिच्या लगमध्ये (टोकांवरच्या वायरच्या पकडीत). एकच ठसठशीत 'टक' आणि पुढे शांतता म्हणजे सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे कार्बन.

इतके करूनही चुका झाल्याच. तासगावच्या एका द्राक्षबागायतदारांच्या पेट्रोल जीपचे पॉइंट महिन्या-दीड महिन्याला जळत. कॉइल मोजली तर प्रायमरी (बॅटरीकडची गुंडाळी) दीड ओहम भरली. साधी कॉइल तीन ओहमच्या आसपास असते. म्हणजे कोणीतरी करंट कमी करणाऱ्या बॅलास्ट रेझिस्टरसोबत वापरायची कॉइल थेट बारा व्होल्टवर जोडली होती आणि पॉइंटवर दुप्पट करंट जात होता. मी रेझिस्टर बसवून गाडी दिली. चार दिवसांनी फोन आला की सकाळी सेल्फ कितीही मारला तरी इंजिन उठत नाही, मात्र चावी सोडताना एखादा ठोका देते. चूक माझी होती. सेल्फ फिरताना बॅटरी दहा व्होल्टवर येते आणि त्यातला निम्मा वाटा रेझिस्टरमध्ये जातो, म्हणून तेवढ्या वेळेपुरता कॉइलला रेझिस्टर वगळून थेट करंट देणारी वायर सेल्फकडून आणावी लागते. ती मी विसरलो होतो. तासगावला जाऊन जोडून आलो.

धंद्याच्या दृष्टीने अवघड गोष्ट वेगळीच होती. बदललेल्या भागाचे पैसे गिऱ्हाईक देते, पण दोष शोधण्यात गेलेल्या दिवसाचे मागितले की "काही घातले तर नाही" हे उत्तर येते. आम्ही बिलावर 'तपासणी' असा वेगळा रकाना छापला. काही गिऱ्हाइके तुटली. राहिली ती मात्र टिकली, आणि हिशोब सांभाळणाऱ्या माझ्या पत्नीचा आग्रह नसता तर तो रकाना मी दुसऱ्याच महिन्यात खोडला असता.

ऑगस्ट 2019 मध्ये पाणी आमच्याच शेडमध्ये शिरले. वह्या आणि मीटर वरच्या मजल्यावर नेले होते. सेल्फचे आर्मेचर (आतला फिरणारा भाग) तपासायचे यंत्र आणि वायरचे गठ्ठे गेले. त्यानंतर आम्ही विश्रामबागेकडे जागा घेतली आणि पुरात बुडालेले हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचे जुडगे, वाळवून देणे कायमचे बंद केले. जुने हार्नेस अखंड उतरवून प्लायवूडच्या फळीवर खिळ्यांनी ताणायचे, त्यावरून लांबी आणि फाटे आखायचे आणि नवे तयार करायचे, ही पद्धत तेव्हा सुरू झाली. अँबॅसिडरसारख्या इंग्रजी वळणाच्या गाडीत बॅटरीची वायर तपकिरी, चावीनंतरची पांढरी आणि अर्थची काळी असते, आणि आम्ही ते रंग तसेच ठेवतो. सगळीकडे लाल वायर ओढून ठेवणाऱ्याला पुढच्या मिस्त्रीच्या शिव्या बसतात. सांधे आता आम्ही दाबून करतो, कारण सोल्डर जिथे संपते तिथे वायर ताठ होऊन धक्क्यांनी तुटते.

सेन्सर आणि कंप्युटरच्या गाड्या भाचा पाहतो, तो त्याच्या परीने हुशार आहे. माझ्याकडे सध्या फळीवर एका अँबॅसिडरचे हार्नेस ताणलेले आहे. बॉनेटकडचे फाटे झाले आहेत, डॅशबोर्डमागचे बाकी आहेत. वस्तादांच्या दिव्याचा होल्डर दोनदा बदलला, बल्ब किती बदलले याची नोंद नाही. तो आता बाकावर, मीटरच्या शेजारी असतो.